धरून ठेवलेली खुर्ची

ही गोष्ट दोन हजार तेवीस सालच्या डिसेंबरातली.

मित्रांनो, मी एक जुनी खुर्ची आहे. आज मी मुळशी तालुक्यातल्या नांदे गावात, एका अंगणात राहते. सकाळचं ऊन माझ्या पाठीवर येतं, दुपारी कोंबड्या माझ्या पायांत फिरतात. पण माझं तरुणपण इथे गेलं नाही. ते एका विमानतळावर गेलं, गार हवेच्या आणि गुळगुळीत फरशीच्या एका मोठ्या खोलीत.

तुमच्यापैकी काही जण विमानाने गेले असतील. विमानतळावर बसायला लोखंडी बाकडी असतात, ती सगळ्यांसाठी. पण एका बाजूला काचेची भिंत असलेली एक वेगळी खोलीही असते. तिला सगळे लाउंज म्हणतात. आत मऊ खुर्च्या, गरम जेवण आणि हवा तेवढा चहा मिळतो. तिथे कुणीही जाऊ शकत नाही. बँकेचं ठरावीक कार्ड असलं किंवा लाउंजचं वेगळं तिकीट काढलं तरच दारावरची मुलगी आत सोडते. मी त्या लाउंजमधली खुर्ची.

माझा जन्म कारखान्यातला. सागाचा सांगाडा, आत जाड फोम, वर चॉकलेटी रंगाचं रेक्झीन. हात मात्र लाकडीच ठेवलेले, चांगले रुंद, चहाची बशी ठेवता येईल असे. आम्ही जोडीने बनलो. मी आणि माझी जोडीदारीण, मध्ये एक बुटकं टेबल. ज्या कारागिराने मला शेवटचा हात मारला, तो माझ्यावर थोडा वेळ बसला, पाठ टेकली, डोळे मिटले आणि म्हणाला, "झ्याक." मला मिळालेली ती पहिली शाबासकी.

आम्हा दोघींना काचेच्या भिंतीशी जागा मिळाली. सुरुवातीची वर्षं फार शांत होती. माणसं थोडी यायची. हळू बोलायची, चमच्याचा आवाजसुद्धा होऊ द्यायची नाहीत. एक वयस्कर बाई दर महिन्याला यायच्या, बहुधा लेकीकडे जात असाव्यात. त्या दुसरीकडे जागा असली तरी माझ्याकडेच यायच्या. बसताना माझ्या हातावरून हात फिरवायच्या. खुर्चीला आणखी काय हवं असतं?

मग दिवस बदलले. पूर्वी थोड्यांकडे असलेली कार्डं ज्याच्या त्याच्या पाकिटात आली. यात वाईट काही नव्हतं. मऊ खुर्ची थोड्यांनीच वापरावी असं कुठे आहे? पण माणसं वाढली आणि खोली तेवढीच राहिली. एका कार्डावर नवरा-बायको, सासू-सासरे, मेहुणा आणि मेहुण्याची मुलं असं सगळं बिऱ्हाड आत येऊ लागलं. माझ्यावर एक जण, माझ्या हातावर दुसरा, समोर बॅगेवर तिसरा. लोक भिंतीला टेकून, फरशीवर बसून फोन चार्ज करायचे. कुणीतरी माझ्या हातावर इतक्या जोराने बसलं की लाकडाला बारीक चीर गेली. माझ्या फोममध्ये खड्डा पडला. रेक्झीन एका बाजूने उसवलं, तिथे काळी चिकटपट्टी लावली गेली.

दाराबाहेरची रांग पार वळणापर्यंत जायला लागली तेव्हा नियम आले. दारावर पाटी लागली. एका कार्डावर एकच पाहुणा. कार्डाचा मालक आत असेल तोवरच पाहुणा आत. एकदा बाहेर गेलेल्याला पुन्हा प्रवेश नाही. जागा अडवून ठेवू नये. फार गर्दी झाली तर तिकीट काढून आत येणाऱ्यांना प्रवेश बंद.

हे नियम सगळ्यांना सांगायचं काम सायलीकडे होतं. सायली जांबे गावची. रोज पहाटे जांब्याहून निघायची, गळ्याला रुमाल बांधायची आणि दारावर हसतमुखाने उभी राहायची. लोक तिच्यावर ओरडायचे. "तुला माहितीये मी कोण आहे?" असं विचारायचे. ती म्हणायची, "हो सर, तुमचं नाव कार्डावर आहे. पण पाहुणा एकच." दुपारी गर्दी जराशी ओसरली की ती माझ्या पाठीवर हात ठेवून एका पायावरून दुसऱ्या पायावर भार घ्यायची. नोकरांना बसायची परवानगी नव्हती.

आता त्या दिवसाकडे येते.

उत्तरेकडे दाट धुकं पडलं होतं. तिकडे जाणारी विमानं एकामागून एक उशिरा होत होती. बाहेरच्या बाकड्यांवर जागा उरली नव्हती आणि लाउंजच्या दाराशी ही गर्दी. त्या रांगेत निरंजन उभा होता. नांद्याचा मुलगा, हिंजवडीत संगणकाच्या कंपनीत कामाला. त्याच्याबरोबर दोन बायका होत्या. दोघी नऊवारीत, दोघींच्या पायांत नव्या चपला, आणि दोघींची तोंडं दोन दिशांना.

त्यातली धाकटी रत्नाबाई, निरंजनची आई. थोरली धोंडाबाई, त्याची चुलती. तो तिला मोठीआई म्हणायचा. दोघी सख्ख्या जावा. त्यांचं सासर नांद्याचं, एकाच घरातलं. कितीतरी वर्षं त्यांची चूल एक होती. घरातले सगळे जेवून उठले की मग या दोघी एकमेकींसमोर ताट घेऊन बसायच्या. एक जण गोठ्यात अडकली तर दुसरी ताट झाकून वाट बघायची. एकीने दुसरीच्या आधी घास घेतला, असं त्या घरात कधी झालं नव्हतं.

मग गावाभोवती इमारती उठू लागल्या. जमिनीचे तुकडे विकले गेले, भावाभावांच्या वाटण्या झाल्या. घरही वाटायचं ठरलं. धोंडाबाईंचे यजमान तोवर वारले होते. त्या चार दिवस मुठा गावाला माहेरी गेल्या. परत आल्या तर स्वयंपाकघराच्या मधोमध भिंत उभी होती आणि रत्नाबाईंची चूल भिंतीपलीकडे गेली होती. धोंडाबाई काही बोलल्या नाहीत. त्या दिवसापासून काहीच बोलल्या नाहीत. रत्नाबाईही नाही. सात-आठ वर्षं अशीच गेली. काही सांगायचंच झालं तर निरंजनला मध्ये घालून.

मग आता या दोघी एका विमानाने कुठे निघाल्या होत्या? तर शुभांगीकडे. शुभांगी ही धोंडाबाईंची लेक. नवरा लष्करात, बिऱ्हाड चंदीगडला. पहिलं बाळंतपण माहेरी करायची आपल्याकडे रीत. पण शुभांगीला जुळं झालं, तेही वेळेआधी, आणि डॉक्टरांनी तिला प्रवासाला मनाई केली. म्हणून माहेरच उठून लेकीकडे निघालं होतं. दोन तान्ही बाळं एकट्या आजीला कशी झेपणार? शुभांगीने फोनवर रडून सांगितलं होतं, "आई, तू ये. आणि काकीला घेऊन ये. दोघी असाल तरच माझं निभेल." काकीनेही तिला न्हाऊमाखू घातलं होतं ना लहानपणी.

निरंजनला हीच काळजी होती. घरून निघताना गाडीत तो म्हणाला होता, "तिथं दोन खोल्यांचं क्वार्टर आहे. तिथं पण तुम्ही दोघी अशाच पाठी फिरवून बसलात, तर शुभांगीनं बाळांकडं बघायचं का तुमच्याकडं?"

एक डावीकडच्या खिडकीतून बाहेर बघत होती, दुसरी उजवीकडच्या.

रांग सरकत सरकत दाराशी आली. सायलीने कार्ड घेतलं आणि म्हणाली, "सर, या कार्डावर एकच पाहुणा येऊ शकतो."

"अहो, मागच्या वेळी दोघं आले होते."

"नियम बदललाय, सर."

"मग एकीचं तिकीट काढतो."

"आज तिकिटावर प्रवेश बंद आहे. आत उभं राहायला जागा नाही, बघा तुम्हीच."

"बरं, मग या दोघींना आत सोडा. मी थांबतो बाहेर."

"कार्डवाले आत नसतील तर पाहुण्यांना बसता येत नाही, सर. सॉरी."

निरंजन दोघींकडे बघत राहिला. एकीने जन्म दिला होता, दुसरीच्या मांडीवर तो मोठा झाला होता. कुणाला आत न्यायचं आणि कुणाला बाहेर ठेवायचं? मागची माणसं कुरकुरू लागली.

धोंडाबाई भिंतीकडे बघत म्हणाल्या, "निरंजन, तुज्या आयला घिऊन जा. तिचं गुडघं दुकत्यात."

रत्नाबाई दुसऱ्या भिंतीकडे बघत म्हणाल्या, "निरंजन, तुज्या मोठीआयला सांग, माज्या गुडघ्याची काळजी नगं. थोरलीनं आदी जायाचं."

"तिला सांग, थोरली म्हनते जा, तर जायाचं."

"तिला सांग, मी न्हाई ऐकत."

"तिला सांग, न्हाईच ऐकत ती. आदीपास्नं ठावं हाय मला."

रांगेत कुणीतरी हसलं. धोंडाबाईंनी मग वाद मिटवला. पिशवी उचलली, काचेपलीकडच्या खांबाशी गेल्या, फरशीवर बसल्या आणि लाउंजकडे पाठ केली. आता त्यांना उठवायची कुणाची हिंमत नव्हती. निरंजन आईला घेऊन आत आला.

आत आल्यावर दोघांना बसायला जागा कुठे? तेवढ्यात माझ्यावरचे आणि माझ्या जोडीदारणीवरचे दोघे जण घाईने उठले. त्यांचं विमान लागलं होतं. निरंजन म्हणाला, "आई, बस पटकन. मी ताट घेऊन येतो. मी काय, उभ्यानं खातो." आणि तो जेवणाच्या रांगेत गेला.

रत्नाबाई माझ्या जोडीदारणीवर बसल्या. इकडेतिकडे बघितलं, अंगावरची शाल काढली आणि माझ्यावर टाकली. नुसती टाकली नाही, नीट पसरली. पौडच्या स्टँडवर एसटी लागली की खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात ना, तशी. तिथे टाकलेल्या रुमालाला सगळे मान देतात. ज्याचा रुमाल, त्याची जागा. रत्नाबाईंना वाटलं, हा नियम सगळीकडे चालतो.

पहिल्यांदा एक बाई आल्या. "ही जागा रिकामी आहे का?"

"न्हाई वो. मानूस यायचं हाय."

त्या गेल्या. मग एक काका आले, मग कॉलेजातली दोन मुलं. प्रत्येकाला तेच उत्तर. निरंजन छोले-भाताचं ताट आणून ठेवून गेला आणि स्वतःसाठी पुन्हा रांगेत लागला. रत्नाबाईंनी ताटाकडे बघितलं. ते उचलून माझ्या हातावर ठेवलं, पदराच्या टोकाने झाकलं आणि काचेबाहेर बघत बसल्या. काचेपलीकडे धोंडाबाईंची पाठ दिसत होती.

मित्रांनो, माझ्यावर किती माणसं बसली त्याची गणती नाही. पण मला धरून ठेवलेलं मी पहिल्यांदाच बघत होते. जड माणसाचा भार मला कळतो. त्या रिकाम्या शालीचाही मला तसाच भार वाटत होता.

शेवटी रोहित नावाचा एक तरुण आला. गळ्यात ऑफिसची पट्टी, हातात उघडा लॅपटॉप. तो बराच वेळ भिंतीशी उभा राहून काम करत होता.

"मावशी, मघापासून बघतोय. कुणी येत नाहीये. बसू का?"

"मानूस यायचं हाय म्हनलं ना."

"कधी?"

"येईल की."

"अहो, अशी जागा अडवता येत नाही इथं. बोर्ड लावलाय बघा."

"तू उभा हायेस तर तरना हायेस. दोन घटका उभा ऱ्हायलास तर काय झिजशील का?"

आजूबाजूचे लोक वळून बघू लागले. रोहितने सायलीला हाक मारली. ती दारावरून लगबगीने आली.

"आजी, इथे जागा धरता येत नाही हो. कोण यायचंय?"

"हाय येक मानूस."

"कुठे आहेत ते?"

"भायेर."

"मग त्यांच्याकडे कार्ड आहे का? आत येणार आहेत का?"

रत्नाबाईंनी शालीचं टोक मुठीत धरलं.

"आजी, कोण आहे तुमचं?"

सात-आठ वर्षं जो शब्द त्यांच्या तोंडून निघाला नव्हता, तो निघायला वेळ लागला.

"माजी जाव हाय," रत्नाबाई म्हणाल्या. "थोरली. ती बग, खांबाला बसलीया. सकाळपास्नं तिच्या पोटात काय न्हाई. आन माज्या म्होरं ह्ये भरलेलं ताट. कसं गिळू, सांग मला."

सायलीने काचेबाहेर बघितलं. मग ती खाली वाकली आणि तिचं लाउंजचं बोलणं एकदम गेलं. "आजी, मी जांब्याची. तुमी नांद्याच्या का?"

"व्हय गं."

"मलाबी लई वाटतंय त्यांना आत आणावं. पर आता एकीला सोडलं तर बाहेर एवढी समदी उभी हायेत, त्यांना काय सांगू? त्यांच्यातबी म्हाताऱ्या हायेत. एक बाई पोटुशी हाय."

"न्हाई, तुजं बराबर हाय," रत्नाबाई म्हणाल्या. "तुजी नोकरी हाय."

रोहित खाली बघत म्हणाला, "राहू दे, मावशी. मी उभा राहतो. बसू देत त्यांना, येतील तेव्हा."

रत्नाबाईंनी त्याच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. आणि त्या उठल्या.

"ती कशी येईल? तिला कुनी येऊ देतंय का. बस तू बाबा. मी हितं खुर्ची धरून बसले, आन ती तितं फरशीवर. ह्याला काय अर्थ हाय?"

"आजी," सायली म्हणाली, "बाहेर गेलात तर परत आत येता येणार नाही."

"यायचंच न्हाई."

निरंजन हातात ताट घेऊन परतला तो आईची पाठ बघायलाच. "आई, कुठं निघालीस?"

"ते ताट तू खा. टाकू नगं. आन मग ये भायेर."

दार उघडलं, मिटलं. काचेतून मला पुढचं दिसत होतं, पण ऐकू येत नव्हतं. तरी ते बोलणं मला पाठ आहे, कारण नांद्यात येऊन मी ते इतक्या वेळा ऐकलंय. दोघी एकमेकींची नक्कल करून सांगतात.

रत्नाबाई धोंडाबाईंसमोर जाऊन उभ्या राहिल्या. मध्ये निरंजन नव्हता. सांगायचं कुणाला? धोंडाबाईंनी वर बघितलं.

"का गं? हाकललं का तुला?"

"न्हाई. मीच आले."

"का?"

"गर्दी लई हाय."

"आन शाल कुटं हाय तुजी?"

"आतच ऱ्हायली. खुर्चीवर."

"येडी ती येडीच," धोंडाबाई म्हणाल्या आणि बूड सरकवून त्यांनी खांबाशी जागा केली.

रत्नाबाई टेकल्या. थोडा वेळ दोघी समोरून जाणाऱ्या चाकांच्या बॅगा बघत राहिल्या. मग धोंडाबाईंनी पिशवीतून फडकं काढलं. गाठ सोडली. आत ज्वारीच्या भाकरी होत्या, शेंगदाण्याची चटणी होती, कांदा होता. भाकरींची चळत चांगली उंच होती.

"येवड्या?" रत्नाबाईंनी विचारलं.

"तुज्या वाटनीच्या बी थापल्यात. पहाटं."

"मला ठावं नव्हतं."

"कसं असंल? मधी भिंत हाय न्हवं."

रत्नाबाईंचा हात फडक्यापाशी थांबला. धोंडाबाई त्यांच्याकडे न बघता म्हणाल्या, "येक इचारू? लई दीस झालं इचारायचंय. चूल हलवायच्या आदी मला का न्हाई सांगितलंस? मी माहेरी गेल्याली बगून का हलवलीस?"

"तू रडली असतीस, आक्का," रत्नाबाई म्हणाल्या. "तू रडली असतीस तर मग माज्यानं झालं नसतं. घरातल्या पुरुषांनी तर ठरवल्यालं. म्हनून तू नसताना केलं."

"मी रडलेच की. येकलीनं."

"मी बी. भिंतीच्या हिकडं."

धोंडाबाईंनी एक भाकरी मोडली. अर्धी रत्नाबाईंच्या हातात दिली. "जेव," म्हणाल्या. "आन पुना मला न इचारता काय हलीवलंस, तर त्या इमानातनं खाली ढकलीन."

"आदी खिडकीजवळ मला बसू दे, मग ढकल."

मला हे तेव्हा ऐकू येत नव्हतं. पण दोघींना हसताना मी काचेतून बघितलं. धोंडाबाईंचा पदर डोळ्यांकडे गेला तेही बघितलं.

थोड्या वेळाने सायली माझ्याकडे आली. रोहितने शाल घडी करून ठेवली होती. ती घेऊन ती बाहेर गेली. धोंडाबाईंनी तिला हाताला धरून खाली बसवलं आणि तिच्या हातात भाकरी-चटणी दिली. नोकरांना बसायची परवानगी नव्हती, पण तो नियम आतला होता आणि ती आता बाहेर होती. ताट संपवून निरंजनही आला आणि त्या तिघींसमोर फरशीवर मांडी घालून बसला.

"आत काय व्हतं रे जेवाया?" धोंडाबाईंनी विचारलं.

"छोले, भात, पास्ता."

"मग बरं झालं मी न्हाई आले."

त्यांचं विमान उशिरा का होईना, सुटलं. मी काचेशी होते तिथेच होते. माझ्यावर रोहित बसला होता, मग आणखी कुणी, मग आणखी कुणी.

त्यानंतर मी तिथे फार दिवस राहिले नाही. लाउंजमध्ये जास्त माणसं मावावीत म्हणून रुंद खुर्च्या काढून अरुंद स्टूल लावायचं ठरलं. आम्हाला मागच्या दाराने नेऊन एकावर एक रचून ठेवलं. माझी जोडीदारीण दुसऱ्या ढिगात गेली. तिचं पुढे काय झालं ते मला कळलं नाही. धुळीत, उताणी पडून मी कितीतरी महिने वर बघत होते. एवढ्या माणसांना टेकू दिला आणि आता कुणी नावही घेत नाही, असं वाटायचं. मग एक दिवस सायलीचा आवाज आला. "ती चीर गेलेली. हो, काळी पट्टीवाली. ती हवी आहे मला."

चंदीगडहून परतलेल्या दोन्ही जावांची सायली तोवर लाडकी झाली होती. जांब्याहून नांद्याला तिचं येणंजाणं होतं. खुर्च्या निघाल्यात असं तिने सहज सांगितलं, तर रत्नाबाई म्हणाल्या, "मी शाल टाकलेली ती आन."

साबीरच्या टेंपोत बसून मी पौडला आले. तिथे हाफीजभाईंचं गादीकामाचं दुकान आहे. साबीर हा त्यांचाच मुलगा. हाफीजभाईंनी माझं जुनं रेक्झीन उतरवलं, खड्डा पडलेला फोम काढला, हातावरची चीर लाकडाच्या भुशाची लुगदी भरून घासली. कापड साबीरच्या आईने, रहिमतबींनी निवडलं. हाफीजभाई काळं म्हणत होते. त्या म्हणाल्या, "अंगणात ऱ्हायचंय बिचारीला. उन्हात काळं तापतं. हिरवं घ्या." म्हणून मी आज हिरवी आहे.

नांद्याच्या अंगणात मला आणलं त्या दिवशी एक गंमत झाली. रत्नाबाई म्हणाल्या, "आक्का, तू बस." धोंडाबाई म्हणाल्या, "तुजं गुडघं दुकत्यात, तू बस." बराच वेळ हे चाललं. शेवटी दोघी माझ्या पायाशी जमिनीवर बसल्या आणि शेंगा सोलायला लागल्या. माझ्यावर रत्नाबाईंचे यजमान भिकूअण्णा येऊन बसले आणि पेपर वाचू लागले. आजही बहुतेक असंच असतं.

मित्रांनो, आता तुमच्याकडे माझं थोडं मागणं आहे. खुर्चीच्या हातावर बसू नका, तिचं लाकूड दुखतं. कपाचे डाग लगेच पुसा. जुनी झाली म्हणून टाकण्याआधी एखाद्या हाफीजभाईंना दाखवा. दारावर उभ्या असलेल्या मुलीवर ओरडू नका. नियम तिने केलेले नसतात आणि तिचे पाय तुमच्याआधीपासून दुखत असतात. जागा थोडी आणि माणसं फार, असं यापुढे तुम्हाला सगळीकडेच दिसेल. तेव्हा आपल्यापुरतीच जागा घ्या. पण तुमचं कुणी दाराबाहेर राहिलं असेल, तर आत बसून नुसती त्याची जागा धरू नका. उठा आणि बाहेर जा.

सगळ्यांचं पुढे काय झालं तेही सांगते. शुभांगीची दोन्ही बाळं आता चालतात, पडतात, एकमेकांना चावतात. दोघी आज्या तिच्याकडे तीन महिन्यांसाठी गेल्या होत्या, सहा महिने राहिल्या. निरंजनने नंतर दुसरं कार्ड घेतलं. त्यावरही पाहुणा एकच, म्हणून आता तो सगळ्यांना घेऊन बाहेरच बसतो. सायलीने लाउंज सोडलं. ती हिंजवडीत एका दवाखान्यात पेशंटांच्या नोंदी बघते आणि तिथे तिला स्वतःची खुर्ची आहे. रोहित पुन्हा दिसला नाही. कुठेतरी काम करत असेल. हाफीजभाईंना आता बारीक टाका दिसत नाही, दुकान साबीर बघतो, कापड अजून रहिमतबीच निवडतात. नांद्याच्या घरातली भिंत पाडली नाही, कारण वर छताचा भार आहे म्हणे. तिच्यात दार काढलं. त्या दाराला कडी लावायचं कुणालाच सुचलं नाही.

रत्नाबाईंचे गुडघे आहेत तसेच आहेत. धोंडाबाई गेल्या वर्षी आजारी पडल्या होत्या, आता बऱ्या आहेत, पण बाहेरगावी कुठे जात नाहीत. परवा गल्लीतली मुलं त्यांच्याभोवती बसली होती. एकाने विचारलं, "आजी, विमानातनं काय दिसलं?"

"ढग. पिंजल्याल्या कापसागत. आन कान लई दुकलं."

"आणि ते लाउंज? ते कसं होतं?"

"ते मी कुटं बगितलं," धोंडाबाई म्हणाल्या. "मी तर पाठ करून बसल्याली. पर रत्ना भायेर आली, तेवडं बगितलं."